ऋण सोडताना

प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची याचना ज्या शब्दाने केली आहे, तो मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मराठी भाषांतरात ‘ऋण’ असा आहे. लूकमध्ये त्याच जागी ‘पाप’ येते. साहित्याच्या अभ्यासकाने या शब्दापाशी थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. पाप धुतले जाते, अशी आपली भाषा म्हणते. ऋण धुतले जात नाही. ऋणकोने ते फेडावे, नाहीतर धनकोने तो तोटा स्वतःच्या खात्यावर घ्यावा. उपासनेत हे वाक्य आले की आमचा आवाज हमखास खाली जातो. प्रार्थना बहुवचनात असल्याने शेजारच्यास ते कळत नाही, इतकेच.

हा तोटा म्हणजे काय, हे ग्लॅडिस स्टेन्स यांच्याकडे पाहिले की कळते. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओरिसातील मनोहरपूर गावी जमावाने त्यांचे पती ग्रॅहॅम आणि १० व ६ वर्षांचे दोन मुलगे यांना, ते झोपले होते त्या गाडीतच जाळून मारले. ग्रॅहॅम तीन दशकांहून अधिक काळ त्या भागात कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि देशाने त्यांचे कौतुक केले. त्या कौतुकात आम्हांस थोडी सोयही दिसते. एका विधवेने क्षमा केली की ज्या समाजातून तो जमाव उठला, त्याला स्वतःकडे पाहण्याची गरज उरत नाही.

मुलांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आईला तरी आहे काय, असे विद्यार्थी विचारतात. आमच्या मते नाही. आणि तिने तो घेतलाही नाही. तिने सोडले ते स्वतःचे येणे. क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचा कायदेशीर परिणाम वेगळा, अशीच तिची भूमिका होती. प्रमुख आरोपी दारा सिंगला २००३ मध्ये फाशी सुनावली गेली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. क्षमेमुळे यातले काहीच थांबले नाही.

मग ईश्वरी मार्गदर्शन कोठे होते? अशा वेळी आकाशवाणी व्हावी, निदान एखादे स्वप्न पडावे, अशी आपली अपेक्षा असते. येथे दिसते ते एवढेच, की ती बाई मुलीला घेऊन मायदेशी निघून गेली नाही. बारीपद्याच्या कुष्ठालयात रुग्ण होते. २००४ पर्यंत ती त्यांचे काम पाहत राहिली.