पश्चिमेची भिंत

आपल्याकडे घर बांधायचं ठरलं की पहिली चौकशी पूर्वेची होते. दार पूर्वेला आहे ना, देव्हारा ईशान्येला बसतो ना, ओटा आग्नेयेला येतो ना. पश्चिमेला फारसं कुणी विचारत नाही. तिकडे जिना जातो, नाहीतर धुणं वाळत घालायच्या दोऱ्या. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, ॲरिझोनात, फिनिक्सच्या उत्तरेला वाळवंटात घर बांधतो आहे आणि त्याच्या नकाशावरचं सगळं भांडण पश्चिमेवरून चाललं आहे.

भांडणाचं कारण सूर्यास्त. दिवसभर राखी, निर्जीव दिसणारे डोंगर ऊन कलायला लागलं की आधी तांबूस होतात, मग वांग्याच्या सालीसारखे जांभळे, आणि वरचं आभाळ तर अर्धा तास कुणाचं ऐकतच नाही. तिथले प्लॉट विकले जातात ते या अर्ध्या तासावर. प्लॉट दाखवणाऱ्या एजंटबाईंनी भावाला आणि भावजयीला मुद्दाम संध्याकाळी बोलावलं होतं. जूनमध्ये दुपारी चारला बोलावलं असतं, तर सौदा झाला नसता असं माझं मत आहे. पण सौदा झाला, आणि घरी परतताना गाडीतच भावजयीनं ठरवून टाकलं की दिवाणखान्याची पश्चिमेकडची भिंत काचेची हवी. जमिनीपासून छतापर्यंत.

आम्ही अकोल्याची माणसं. उन्हाचं आम्हाला कुणी शिकवू नये अशी आमची समजूत. पण वऱ्हाडातल्या उन्हाला मुदत असते. मे कितीही भाजला तरी मृगाकडे डोळे लावून बसता येतं. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सचा पारा सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ४३ सेल्सिअसपर्यंत किंवा त्याच्या वर जात राहिला. तिथेही पावसाळा असतो, त्याला ते मान्सूनच म्हणतात, पण वर्षभराचा सगळा पाऊस सरासरी १८० मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्यावर कुणी आशा लावून बसत नाही.

आणि या उन्हात पश्चिम सगळ्यात लबाड. दक्षिणेचं ऊन सरळ असतं. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दोन-अडीच फुटांचा छज्जा काढला की दक्षिणेची खिडकी सावलीत. पूर्वेचं ऊन सकाळचं, रात्रीच्या गारव्यातून येणारं. पश्चिमेचं ऊन मात्र दिवसभर तापलेल्या जमिनीवरून, तापलेल्या हवेतून, तिरपं येतं आणि कुठल्याही छज्ज्याच्या खालून आत शिरतं. छज्जा दुप्पट केला तरी पाचनंतर त्याचा उपयोग नाही. म्हणजे घराला जे विकत घ्यायचं आहे आणि ज्याच्यापासून वाचायचं आहे, ते एकाच दिशेनं, एकाच वेळी येतं.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंट. सोनोरन वाळवंटात तसं काही नाही. जमीन खड्यांची, मुरमाड. सालीनंच हिरवी असलेली पालो व्हर्डेची झाडं, क्रिओसोटची विरळ झुडपं (पावसाचे चार थेंब पडले की यांचा जो वास सुटतो तो मी अजून विसरले नाही) आणि सगळ्यांच्या वर, हात उंचावून उभे असलेले सग्वारो निवडुंग. सग्वारोला पहिला हात फुटायलाच पन्नास ते पंच्याहत्तर वर्षं लागतात. त्यामुळे प्लॉटवर दोन-चार हातांचा सग्वारो असला की तो घराच्या मालकापेक्षाच काय, त्याच्या आजोबांपेक्षाही वयानं मोठा निघू शकतो.

पाया खणायला पोकलेन आलं आणि फूट-दीड फुटावर अडलं. खाली कॅलिची. हा चुन्यानं बांधला गेलेला मातीखड्यांचा पांढुरका थर. पाऊस पुरेसा नसला की जमिनीतला चुना धुऊन खोलवर जात नाही. पाण्याबरोबर थोडा खाली उतरतो, पाणी उडून जातं, चुना तिथेच थिजतो. हे हजारो वर्षं चाललं की जमिनीच्या पोटात फरशी तयार होते. पोकलेनची दातेरी बकेट तिच्यावर नुसती खरवडत राहते. मग ब्रेकर लावायचा, आणि ब्रेकरचं भाडं तासावर. सांडपाण्याच्या शोषखड्ड्याचं तर आणखीच अवघड. कॅलिची पाणी पिऊ देत नाही, म्हणून आधी खड्डे घेऊन, त्यांत पाणी ओतून, ते किती वेळात जिरतं याची तपासणी करून घ्यावी लागते. भाऊ फोनवर म्हणाला, ‘ताई, इथं तुळस लावायची तरी सुरुंग लावावा लागेल.’

पाण्याची गोष्ट मात्र त्यानं आधीच पक्की केली होती, आणि त्याला कारणही तसंच. स्कॉट्सडेल शहराच्या हद्दीला लागून रिओ व्हर्दे फूटहिल्स नावाची वस्ती आहे. ऐसपैस घरं, घोडे, डोंगर. त्यातल्या शेकडो घरांना विहीर नव्हती. पाणी टँकरनं यायचं आणि टँकर भरायचे स्कॉट्सडेलच्या नळावर. कोलोराडो नदीचं पाणी आटत चाललं तेव्हा शहरानं १ जानेवारी २०२३ पासून हद्दीबाहेर जाणारं पाणी बंद केलं. मोठमोठ्या किमतीच्या घरांतली माणसं पावसाचं पाणी बादल्यांत धरून संडासात ओतू लागली, कागदी ताटल्यांत जेवू लागली. पुढे तात्पुरती सोय झाली, पण ही घरं मुळात उभी राहिली कशी? फिनिक्सच्या पट्ट्यात १९८० च्या भूजल कायद्यापासून धोरण असं की नवी वसाहत पाडायची तर शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी दाखवा. पण वसाहत म्हणजे सहा किंवा जास्त प्लॉट. पाचच पाडले तर कुणी काही विचारत नाही. मग पाच इथे, पाच तिथे. आपल्याकडच्या गुंठेवारीवाल्यांना यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

भावानं घेतलेल्या जागेला चार घरांत मिळून एक बोअर आहे, त्याचा रीतसर करार आहे, देखभालीचा खर्च वाटून घ्यायचा आहे. बांधावरून कोर्टात गेलेल्या घराण्यातला हा मुलगा तीन परक्या घरांबरोबर पाण्याच्या कागदावर सही करून आला, याचं आईला फार नवल वाटलं.

भिंती कशाच्या करायच्या यावर मी बोलले, कारण मला त्यातलं कळतं असं मला वाटतं. आमचं आजोळ धाब्याचं. हातभर, दीड हात जाड मातीच्या भिंती, लाकडी छत, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचं ऊन त्या भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची आणि तोवर माणसं अंगणात बाजेवर पडलेली असायची. भिंत ऊन अडवत नाही, ते लांबणीवर टाकते. वाळवंटात दिवस आणि रात्र यांत एवढा फरक पडतो की हा लांबणीचा धंदा तिथे उत्तम चालतो. निदान शहरापासून दूर. शहरातलं काँक्रीट आणि डांबर रात्रभर ऊन सोडत राहतं, तिथल्या रात्री आता गार होत नाहीत.

तेव्हा मी म्हटलं, मातीच्या भिंती बांध. त्यानं चौकशी केली. ॲरिझोनात ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या भिंतींची सुंदर घरं आहेत, करणारे कारागीरही आहेत, आणि ती भिंत सगळ्यात महाग. स्वस्त काय, तर लाकडी सांगाडा, मध्ये फोम, वर गिलावा आणि त्याला मातीचा रंग. गरिबाच्या घराची नक्कल करायला कमी पैसे लागतात, गरिबाचं घर बांधायला जास्त. यावर आम्ही दोघंही फोनवर बराच वेळ हसलो आणि शेवटी ठरलं ते सिमेंटच्या ठोकळ्यांचं, आतून पोकळी भरलेलं, बाहेरून उष्णतारोधक थर दिलेलं.

कूलरचंही असंच. तिथली जुनी घरं आपल्यासारख्याच कूलरवर उन्हाळा काढायची. ओल्या ताटीतून हवा ओढून घ्यायची. कोरड्या जूनमध्ये तो झकास चालतो आणि जुलैत हवेत दमटपणा आला की नुसतं चिकट वारं मारतो. अकोल्यात पहिला पाऊस पडल्यावर जे होतं तेच. नव्या घरात अर्थातच एसी.

याच डोंगराळ भागात एका फार मोठ्या माणसानं आपलं घर बांधलं होतं. फ्रँक लॉइड राइट १९३७ मध्ये सत्तरीला पोचला होता तेव्हा त्यानं मॅकडॉवेल डोंगरांच्या पायथ्याशी जमीन घेतली आणि शिष्यांना हाताशी धरून टॅलिएसिन वेस्ट उभं केलं. लाकडी साच्यात तिथलेच दगड सपाट तोंड बाहेर करून लावायचे आणि मागे काँक्रीट ओतायचं, अशा भिंती. छताला सुरुवातीला चक्क कॅनव्हास, म्हणजे आत उजेड दुधाळ. उन्हाळ्याचा प्रश्न त्यानं कसा सोडवला, तर ऊन चढायच्या आत तो विस्कॉन्सिनला निघून जायचा. प्रतिभावंताला हे शोभतं. गृहकर्ज काढलेल्या माणसाला उन्हाळाही तिथेच काढावा लागतो. पण राइटची मला आवडलेली गोष्ट निराळी. पुढे समोरच्या खोऱ्यात विजेच्या तारा आल्या. तो भांडला, थेट राष्ट्राध्यक्ष ट्रुमनपर्यंत गेला आणि हरला. मग त्यानं प्रवेशाची वाट फिरवून घेतली आणि खोऱ्याकडे पाठ करून डोंगराकडे तोंड केलं. ज्या नजाऱ्यासाठी जागा घेतली, तो नजारा बिघडू शकतो. काचेच्या भिंतीचे पैसे मोजण्याआधी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

भावजयीला हे पटलं नाही. तिला पटलं ते कासा ग्रांदे बघितल्यावर.

फिनिक्सहून दक्षिणेला तासाभरावर, कूलिज गावाशी, एक चार मजली मातीचं घर उभं आहे. होहोकाम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांनी ते १३५० च्या सुमाराला बांधलं. हिला नदीचे कालवे काढून शेती करणारी ही माणसं. घोडा नाही, चाक नाही. तुळयांसाठी लागणारी लाकडं शंभर किलोमीटरवरून आणलेली. आणि भिंती? कॅलिचीच्या. जो थर फोडायला भाऊ तासावर पैसे मोजत होता, तोच त्यांनी पाण्यात कालवून, हातानं थरावर थर चढवत नेला. तळाशी चार फूट जाड, वर निमुळता. आता त्याच्यावर १९३२ मध्ये उभारलेलं लोखंडी छत्र आहे. मी भावाकडे गेले असताना आम्ही ते बघायला गेलो, तेव्हा भर दुपार होती. भिंतीवर अजून हातानं थापल्यासारखे उंचवटे दिसतात, आणि दोन थरांमधली आडवी रेघ. भावानं बराच वेळ त्या रेघेकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘यांना ब्रेकर लागला नाही.’

वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीत, एक लहानसं गोल भोक आहे. उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी मावळता सूर्य बरोबर त्या भोकाच्या रेषेत येतो. म्हणजे पश्चिम त्यांनाही हवी होती. सूर्यास्त त्यांनाही बघायचा होता, कदाचित आपल्यापेक्षा जास्त, कारण पेरणीचा हिशेब त्यावर असणार. पण त्यांनी तिथून आत घेतली ती एवढीच, भोकापुरती. बाकी चार फूट भिंत.

परत येताना गाडीत काचेचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी भावजय म्हणाली, ‘ताई, पण मग मी सूर्यास्त बघायचा कुठून?’ बाहेरून, मी म्हटलं. तिथले मूळचे टोहोनो ओओडम लोक घराजवळ चारी बाजूंनी मोकळा मांडव घालतात. मेस्किटच्या मेढी, वर वाळलेल्या सग्वारोच्या लाकडी बरगड्या. स्वयंपाक, झोप, गप्पा, सगळं त्याखाली. घराचं काम वाळवंटापासून लपवणं, मांडवाचं काम वाळवंट दाखवणं. दोन्ही कामं एका भिंतीला सांगितली की ती एसीच्या बिलात बोलते. सूर्यास्ताला उठून चार पावलं जावं. घरबसल्या, पाय पसरून, चहाचा कप हातात धरून दिसणाऱ्या सूर्यास्ताचं मला तरी कौतुक नाही. त्याला आपण दोन दिवसांनी पडदा लावतोच.

नव्या नकाशात पश्चिमेला गॅरेज, सामानाची खोली आणि कपडे धुण्याची जागा आली आहे. त्यांच्या भिंतीत वर एक आडवी फट. मांडव वायव्येला, घरापासून सुटा. संध्याकाळी तिथे बसायचं तर भावजयीनं जांभळ्या उजेडाची बॅटरीही आणून ठेवली आहे. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतात. मला तो शोध आवडला, विंचू नव्हे.

गॅरेजकडे जाणारी गाडीवाट आखताना मध्येच एक सग्वारो आला. तोडायचा प्रश्न नव्हता, सरकारला कळवावं लागतं, शिवाय कुणाला तसं करावंसंही वाटलं नाही. तो हलवायचं ठरलं. झाडं हलवणारा माणूस आला आणि आधी त्यानं निवडुंगाच्या दक्षिणेकडच्या अंगावर खूण केली. नव्या जागी तेच अंग दक्षिणेला यावं लागतं. उत्तरेचं कोवळं अंग उन्हाकडे आलं तर करपतं. मग पाळण्यासारखा पट्ट्यांचा आधार देऊन, यारीनं उचलून, पन्नास फुटांवर नेऊन तो उभा केला. भावानं विचारलं, हा लागला हे कळायचं कसं? तो म्हणाला, लगेच नाही कळत. याच्या पोटात इतकं पाणी साठलेलं असतं की मुळं मेली तरी दोन-चार वर्षं हा हिरवागार उभा राहतो. भाऊ सॉफ्टवेअरमधला. त्यानं विचारलं, वॉरंटी किती?

एक वर्ष, तो म्हणाला, आणि बिल दिलं.