काकांचे रीळ

काका गेले आणि त्यांचे गळाचे जुने रीळ माझ्याकडे आले. मुठीचा एक फेरा दिला, की आतली चकरी ५ वेळा फिरे. मला ते मंद वाटले. मी ७ फेऱ्यांचे नवे घेतले. पण गोदावरीवरच्या गंगापूर धरणात लाकडी मासोळी ओढताना मनगट भरून आले. तिच्या तोंडाशी तिरपी पट्टी असते. ओढावी तशी ती खोल शिरते. जितकी घाई, तितका पाण्याचा विरोध.

शेवटी काकांचे रीळ लावले. हात हलका झाला. मासोळी खोलात संथ डुलू लागली. "जरा दमाने, बाळ," काका नेहमी म्हणत. तेव्हा मी ऐकले नाही. यंदा फराळाला काका नाहीत. मूठ फिरवताना मात्र त्यांचा शब्द हाताला लागतो.