पत्रिका जुळली पाहिजे!

लग्न जमवताना ३६ पैकी १८ गुण जुळले, की भटजीबुवा "हरकत नाही" म्हणतात. पण मित्रांनो, एका जुन्या गाडीला दुसऱ्या जुन्या गाडीचा पत्रा बसवायचा असेल तर १८ गुणांवर भागत नाही. तिथे छत्तीसच्या छत्तीस लागतात! हे मला मेट्रॉलॉजीच्या पुस्तकापेक्षा कुर्ल्याच्या सीएसटी रोडने जास्त चांगलं शिकवलं.

झालं असं, की पेणला आमच्या मारुती ८०० वर एक टेम्पो रिव्हर्समध्ये येऊन आदळला. बॉनेट आणि डावं मडगार्ड कामातून गेलं. बाबांचा पापडांचा धंदा, माल पोचवायला हीच गाडी. गाडी बंद तर धंदा बंद. म्हणून बाबा बॉनेट दोरीने बांधून चालवत होते आणि आई घरी देव पाण्यात ठेवून बसत होती. नव्या पत्र्याचा हिशेब झेपणारा नव्हता. "तू इंजिनिअर होतोयस ना? मग तूच बघ," असं म्हणून बाबांनी काम माझ्यावर सोपवलं.

आता नुसतं "मारुती ८०० चं बॉनेट द्या" म्हणणं म्हणजे पुण्यात जाऊन "जोशी राहतात का हो इथे?" असं विचारणं! पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. १९८६ साली तिची अख्खी बॉडी बदलली. १९९७ साली चौकोनी चेहरा जाऊन गोलसर आला आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. नाव तेच, पत्रे मात्र वेगवेगळे. आणि आमची गाडी नेमकी १९९७ ची! रजिस्ट्रेशनच्या तारखेवर जाऊन उपयोग नव्हता, कारण गाडी बनते कधी आणि पासिंग होते कधी. म्हणून आरसी बुकातला बनावटीचा महिना पाहिला, बॉनेट उघडून फोटो काढले. चेहरा जुना, चौकोनी निघाला.

मग पुठ्ठा घेऊन साचे केले. चेपलेल्या पत्र्यावरून नाही हं, तर बॉडीवर जिथे बोल्ट बसतात तिथून. बिजागऱ्यांमधलं अंतर, लॉकची जागा, हेडलाइटची खाच, सगळं टेपने मोजून पुठ्ठ्यावर लिहिलं.

कुर्ल्यातल्या पहिल्या दुकानदाराने साचा पाहून हसूनच घेतलं. "अरे भाई, आठसौ मतलब आठसौ! होल थोडा बडा करेगा, बैठ जायेगा."

सगळी मेख इथेच आहे. मडगार्डला कंपनीच थोडं मागेपुढे सरकवायला जागा ठेवते, ती ॲडजस्टमेंटसाठी. पण भोक ओढूनताणून मोठं करून बॉनेट बसवलं आणि हूक लॉकमध्ये सरळ गेला नाही, तर वेगात खालून वारा शिरतो आणि बॉनेट उघडून थेट समोरच्या काचेवर येतं. बाबा रोज मुंबई-गोवा हायवेवर असतात. तिथे "बैठ जायेगा" चालणार नव्हतं.

दुसऱ्या दुकानातलं बॉनेट मापात होतं, पण खिशातलं लोहचुंबक एका कोपऱ्यावर धरेचना. म्हणजे आत पुटीचा जाड थर! तिसऱ्याकडे खालच्या दुमडीत गंज. चौथ्याकडे मात्र साचा भोकांवर बरोब्बर बसला. मडगार्ड डावंच आहे ना, बाजूच्या इंडिकेटरचं भोक जुळतंय ना, तेही पाहिलं. रंग लाल होता आणि आमची गाडी पांढरी, पण रंग काय, मारता येतो. माप मारता येत नाही! पत्रा कुठल्या गाडीचा ते विचारून पक्कं बिल घेतलं. चोरीचा माल स्वस्तात पडला तरी महागच.

पेणच्या डेंटरने आधी सगळे बोल्ट सैल ठेवले, दोन्ही बाजूंची फट सारखी केली आणि मगच आवळले. बॉनेट सोडलं, खट्‌कन लॉक लागलं. बाबा काही बोलले नाहीत. फक्त दोरी गुंडाळून माळ्यावर टाकली.

व्हायव्हाला "टॉलरन्स म्हणजे काय?" असं विचारलं की आपण व्याख्या घडाघडा म्हणतो. पण कोणीतरी "चालतंय रे, बसतंय" म्हणत असताना खिशातून टेप काढणं, हा त्याचा खरा अर्थ. तेव्हा जुना पत्रा घ्यायला जाल तेव्हा पुठ्ठा, टेप आणि लोहचुंबक बरोबर न्या. आणि पेणचे पापड हवे असतील, तर मला हॉस्टेलवर गाठा!