खोक्यांचे दिवस

21 सप्टेंबर 2025
सर्वपित्री. यांचं पान वाढलं. मुलगा जेवतानाही मोबाइलवर टीव्ही बघून ठेवत होता. पितृपक्षात घ्यायचं नाही, एवढं पाळतो.

23 सप्टेंबर
कालपासून जीएसटी कमी. 32 इंचांवरच्या टीव्हीला 28 टक्क्यांचे 18. "आई, केवढे वाचतात!" जुना उत्तम चालतोय. तसं म्हटलं. गप्प बसला.

27 सप्टेंबर
टीव्ही आला. 55 इंची. भिंतीवरचा यांचा फोटो काढावा लागला.
पहिलीच बातमी पुराची. धाराशिवचं सोयाबीन पाण्यात. एक बाई कुजलेल्या शेंगा हातात धरून उभी. बोटांची फुगलेली कातडी दिसत होती. कुणीतरी चॅनेल बदललं.

30 सप्टेंबर
पार्सल. आत काय, सूनबाईला आठवेना.

2 ऑक्टोबर, दसरा
"आजी, ओटीपी सांगा." सणाच्या दिवशीही धावतोय पोरगा. आपटा दिला. पाणी उभ्यानेच प्यायला.

5 ऑक्टोबर
माळा आवरला. एअर फ्रायर, पायाचा मसाजर, मागच्या दिवाळीचं एक खोकं, चिकटपट्टीसुद्धा न फोडलेलं.
खरेदीच्या ॲपवर 'फक्त 2 शिल्लक' असं खोटंच दाखवून घाई करणं ही फसवणूक. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये अशा 13 क्लृप्त्यांवर बंदी घातली. त्या बातमीचं कात्रण फ्रिजवर लावलं.

8 ऑक्टोबर
नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन. सगळीकडे बंदोबस्त. आज पार्सल नाही.

12 ऑक्टोबर
ओरायन मॉलमध्ये नेलं मला. साडी नको म्हटलं. परतताना कापड बाजारातून आलो. उधारी आमच्या वेळीही होती. पण शेटजी समोर बसलेले असायचे. वही उघडली की मागची बाकी आधी वाचून दाखवायचे, चारचौघांत. लाज वाटायची, आणि हात आखडायचा. आता मागणाऱ्याचं तोंडच दिसत नाही. बोट लावलं की झालं. माझ्या मुलाची नियत वाईट नाही. त्याला थांबवणारं कुणी उरलं नाही.

16 ऑक्टोबर
कार्डाचं बिल टेबलावर. किमान रक्कमच भरलेली. बाकीवर महिना साडेतीन टक्के. वर्षाचे 42. 'नो कॉस्ट' हप्त्यांवर प्रोसेसिंग फी वेगळी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलंय.

18 ऑक्टोबर, धनत्रयोदशी
सूनबाईच्या हातात पाटल्या नाहीत. विचारलं नाही.

24 ऑक्टोबर
मुलगा जवळ येऊन बसला. बराच वेळ. मग म्हणाला, "आई, बाबांची एफडी..."
सोमवारी बँकेत जाऊ म्हटलं. आधी दोन्ही कार्डं इथे ठेव.
"तिसरंही आहे," म्हणाला.