ओहोटीचे ओझे

या लेखात मी तुम्हांला माझ्या मासेमारीविषयी सांगणार आहे. मासा मात्र त्यात एकच आहे आणि तोही माझ्या घरी पोहोचला नाही. उरलेला सगळा मजकूर चाके, चिखल आणि वजन यांविषयी आहे. नोकरी आणि संसार सांभाळून, रात्री उशिरा पुस्तक उघडणाऱ्या तुम्हां वाचकांना किती ओझे उचलता येते आणि किती नाही याचा अनुभव माझ्यापेक्षा कमी नसेल. म्हणून फार प्रस्तावना करीत नाही.

पनवेल हे एके काळी बंदराचे गाव होते, हे आज रेल्वे स्थानकाच्या गर्दीत उभे राहून कोणाला सांगितले तर त्याला खरे वाटणार नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी होडीतून पनवेलला उतरे आणि येथून पुढे घाटाची वाट धरी. पुढे रेल्वे आली आणि ही जलमार्गाची वर्दळ ओसरली. खाडी मात्र राहिली. दिवसातून दोनदा ती भरते आणि दोनदा रिकामी होते. रिकामी झाली की तिवरांच्या रांगेपासून पाण्यापर्यंत राखाडी, चकचकीत चिखल उघडा पडतो आणि त्यावर निवट्या उड्या मारू लागतात. लहानपणी कोळीवाड्याच्या बाजूला गेलो की त्या चिखलात एका कुशीवर कललेल्या होड्या दिसत. त्या तशा का पडल्या आहेत, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी, वेतन आयोगाच्या थकबाकीतून, मी एक कयाक घेतली. कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची नौका. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर सीलचे कातडे, असे तिचे बांधकाम असे. ज्याला ती वल्हवायची, त्याच्याच शरीराच्या मापाने ती बनवली जाई आणि काठावर आल्यावर तो ती एकटा उचलून नेई. माझी कयाक प्लास्टिकची, वर उघडी बसायची, मासेमारीसाठी मुद्दाम रुंद केलेली आणि ३२ किलो वजनाची होती. ती मला एकट्याला उचलता येत नव्हती. म्हणजे आकार इन्युइटांचा, पण मुख्य गुण गळालेला. तो भरून काढण्यासाठी चाके आली.

अशा नौकांना लावायच्या चाकांचे साधारण तीन प्रकार असतात. पहिल्यात दोन उभ्या दांड्यांची छोटी गाडी असते; पाणी निघून जाण्यासाठी नौकेच्या तळाला जी आरपार भोके असतात, त्यांत त्या दांड्या खालून बसवतात. दुसऱ्यात गाडीवर नौका ठेवून पट्ट्याने आवळतात. तिसऱ्यात चाके नौकेच्या मागच्या टोकालाच कायमची जोडलेली असतात. पाण्यात ती वर घेता येतात आणि काठ आला की खाली सोडता येतात. या तिसऱ्या प्रकाराला कयाकवाले विमानाचाच शब्द वापरतात: लँडिंग गिअर. उलवे टेकडी कापून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून ज्या गावाशेजारी विमानतळ उभा राहिला, तेथे हा शब्द नवा राहिलेला नाही. मी पहिला प्रकार निवडला, कारण तो स्वस्त होता. त्याची चाके अरुंद, कडक प्लास्टिकची होती. घरासमोरच्या सिमेंटच्या रस्त्यावर ती अशी सरसर धावली की मला स्वतःच्या निवडीचे कौतुक वाटले.

आता त्या संध्याकाळकडे येतो. मार्गशीर्षातील संकष्टी होती. भरती-ओहोटीचा आपल्याकडचा जुना हिशेब तुम्हांपैकी किनारपट्टीवरच्या अनेकांना ठाऊक असेल: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती पूर्ण आणि रात्री नऊला पूर्ण ओहोटी. खाडीत आतवर थोडा उशीर होतो एवढेच. हा हिशेब मलाही येत होता. त्या दिवशी मी त्यातला अर्धाच भाग वापरला, निघण्याचा.

तीन वाजता भरल्या खाडीत नौका लोटली तेव्हा पाणी तिवरांच्या मुळाशी होते. सामान असे होते: दोन काठ्या आणि गळांची पेटी, नांगर व दोर, घडीची खुर्ची, खाण्याचा डबा, पाण्याच्या बाटल्या, ती गाडी आणि एक बर्फाची पेटी. पेटीत १० किलो बर्फ होता. घरी त्या दिवशी मासा शिजणार नव्हता. पत्नीचा संकष्टीचा उपवास, तो ती चंद्रोदयाला सोडणार. मिळेल तो मासा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकवायचा तर बर्फ हवा, असा माझा विचार. नंतर घरी तोलून पाहिले, तर सामान ३४ किलो भरले. नौकेपेक्षा दोन किलो जास्त.

अंधार पडताना जिताडा लागला. रायगड जिल्ह्यात जिताड्याविषयी काही सांगावे लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी एवढेच, की खाडीतल्या या माशासाठी माणसे तासन्तास तिष्ठतात. त्याला आत घेण्यात आणि त्याच्याकडे पाहण्यात वेळ गेला. काठाकडे वळलो तेव्हा सात वाजले होते आणि काठ जागेवर नव्हता. तिवरे आणि मी यांच्यामध्ये साठएक मीटर चिखल होता.

ओहोटी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात पाण्याचा बाराव्या भागाएवढाच उतार होतो, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. चार तासांत बारांपैकी नऊ भाग पाणी निघून गेले होते. हे मी आज सांगतो. त्या वेळी मी गाडी काढली, नौकेखाली बसवली आणि ओढली. चाके आसापर्यंत रुतली. जोर लावला तेव्हा मी स्वतः गुडघ्याच्या वर रुतलो. एक पाय सोडवायला दुसऱ्यावर भार द्यावा, तो आणखी खोल जाई. चपला चिखलाने घेतल्या. धडपडीत खिशातला फोन चिखलपाण्यात गेला आणि विझला. थंडीचे दिवस, अंगावर ओले कपडे, आणि कोणाला काही कळवायचा मार्ग नाही. मला भीती वाटली. काठावरच्या इमारतींच्या खिडक्यांतले दिवे दिसत होते, म्हणून ती अधिक वाटली.

काठावरून एका विजेरीचा झोत आला. "कोन हाय रं तिकडं? उबा राहू नको, बोटीन बस!" कोळीवाड्यातले एक वृद्ध काका होते. त्यांनी मला छाती नौकेवर टाकून आडवे व्हायला लावले. भार पसरला तसे पाय हळूहळू सुटले. "आता तितंच बस. पानी येल अकरा वाजता." सातला जिथे पाणी होते तिथे ते अकराला परत येणार, हा हिशेबाचा उरलेला अर्धा भाग. मी ओरडून घरचा पत्ता सांगितला. त्यांनी नातवाला सायकलवर पाठवले.

नऊच्या सुमारास चंद्र वर आला. पूर्ण ओहोटीची वेळही तीच. चिखलावर चांदणे पसरले आणि काठावर दोन आकृती दिसल्या. पत्नी आली होती. तिने हाक मारली, मी उत्तर दिले, आणि मग आम्ही दोघेही काही बोललो नाही. साठ मीटरवरून ओरडून बोलण्यासारखे आमच्याजवळ काय होते? चंद्रोदय झाला होता, तिने काही खाल्ले नव्हते, आणि माझ्या पायाशी बर्फाच्या पेटीत जिताडा व्यवस्थित थंड होता. अकराच्या थोडे पुढे पाण्याने नौका उचलली. जिताडा मी काकांच्या हाती दिला. घरी जाताना पत्नीने एकच प्रश्न विचारला, "त्या पेटीत होतं काय एवढं?" मी म्हणालो, "बर्फ."

पुढच्या रविवारी काकांकडे गेलो. त्यांनी माझ्या सामानावर टीका केली नाही. भरलेल्या नौकेचे एक टोक उचलले, खाली ठेवले आणि म्हणाले, "पान्यान समदी होरी हलकी. वजन चिखलान कलतं." मग स्वतःची होडी दाखवली. तीत वल्हे, जाळे, टोपले, पाणी उपसायला डबडे, प्यायच्या पाण्याची बाटली आणि एक बांबू. बांबू कशाला, असे मी विचारले. पाय टाकण्याआधी चिखल चाचपायला. ३४ किलोंच्या माझ्या यादीत तो नव्हता.

चाकांविषयी त्यांचे मत स्पष्ट होते: ती रेतीची वस्तू, चिखलाची नव्हे. चिखलावर हलकी नौका स्वतःच घसरते. एक गुडघा तिच्यावर टेकवायचा, दोन्ही हात कडांवर, आणि दुसऱ्या पायाने मागे रेटायचे. जपानच्या आरिआके समुद्राच्या चिखलपट्टीवर मच्छीमार लांब फळीवर गुडघा टेकून असेच सरकतात. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या किनाऱ्यावर लाकडी घसरगाडी रेटत जाळ्यांपर्यंत जाण्याची रीत आहे. मी हे नंतर वाचले आणि काकांना सांगितले. त्यांना नवल वाटले नाही.

रेतीसाठी मात्र चाके हवीत, आणि उरणची पिरवाडी किंवा अलिबागकडचे आक्षी-नागाव येथे जायचे तर ती नीट निवडायला हवीत. येथे मी दोनदा पैसे घालवले आहेत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. चाक रुतते की तरते हे त्याच्या उंचीपेक्षा रेतीवर टेकणाऱ्या रुंदीवर अधिक अवलंबून असते. फुग्यासारखी जाड, कमी हवेची चाके मऊ रेतीवर सहज चालतात. तीच खाडीकाठी नेली तर कालवांच्या शिंपा आणि तिवरांची टोकदार श्वासमुळे त्यांना भोके पाडू शकतात. फेस भरलेले भरीव चाक फुटत नाही, पण जड असते आणि मऊ रेतीत लवकर बसते. चाकात पोलादी छर्रे असतील तर खारे पाणी ते गंजवते. साधी प्लास्टिकची बुशी बरी. भोकांत दांड्या घालण्याच्या गाडीचा सगळा भार भोकांच्या कडांवर येतो आणि भरलेली नौका तशी ओढत राहिल्यास तेथे तडा जाण्याचा धोका असतो. पट्ट्याची गाडी मध्याच्या जवळ लावता येते, त्यामुळे हातावर भार फार येत नाही. मागच्या टोकाला जोडलेल्या चाकांत जवळजवळ अर्धी नौका आपणच उचलून चालत असतो, हे दुकानात कोणी सांगत नाही. लाटांमध्ये ती चाके खाली सोडली तर रेतीत अडकून नौका आडवी फिरते, आणि आडव्या नौकेला पुढची लाट उलटवते. लाटा ओलांडून पाणी गुडघ्याखाली आल्यावरच त्यांना हात लावावा. मी शेवटी रुंद चाकांची, पट्ट्याची, घडी होणारी गाडी घेतली. ती फक्त रेतीवर नेतो.

सामानाचे म्हणाल तर खुर्ची आणि पेटी गेली. मासा ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि संकष्टीला गळ टाकत नाही. काठ्यांऐवजी हाताने सोडायची एक दोरी आणि चार गळ. जीवरक्षक जाकीट, शिटी, सुरी, दोन लिटर पाणी, डोक्याला बांधायची विजेरी, जलरोधक पिशवीत फोन, आणि बांबू. प्रत्येक वस्तू नौकेला बांधलेली. बांबू धरून साडेसात किलो.

हे वजन मी करीत नाही, पत्नी करते. रद्दीवाल्याकडे असतो तसा ताणकाटा तिने आणला आहे. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी ती शिसपेन्सिलीने भरतीची वेळ लिहून ठेवते. गेल्या रविवारी सप्तमी होती. चौकोनात लिहिले होते, "सव्वापाच", आणि त्याखाली, "सातला काठावर".