आधी जमीन, मग चिन्ह

बारामतीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ वैमानिकांची सेस्ना विमानं आमच्याकडे थेट इंदापूरपर्यंत दिसतात. त्यांच्या अंगावर ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरं असतात. भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाची ती खूण. १/७२ मापाच्या प्रतिकृतीत सेस्ना १५२ जेमतेम दहा सेंटिमीटर लांब भरतं आणि ती अक्षरं तांदळाच्या दाण्याएवढी. रंगवून ती जमत नाहीत, डीकलच लागतं.

डीकल म्हणजे कागदावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर पारदर्शक पापुद्रा आणि त्यावर छपाई. ते बिघडलं की लोक डीकललाच दोष देतात. माझा अनुभव असा, की बहुतेक वेळा दोष खालच्या रंगात असतो.

सेस्नाचा पांढरा रंग चकचकीत, म्हणून डीकल बिनबोभाट बसतं. मिग-२१ रंगवताना गोष्ट वेगळी. १९६३ साली हवाई दलात आलेलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालेलं हे विमान आमच्याकडच्या पोरांचं लाडकं. पण त्याचा मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खरबरीत असतो. पापुद्र्याखाली हवा अडकते, प्रकाश विखुरतो आणि चिन्हाभोवती चंदेरी झाक उमटते. म्हणून आधी ग्लॉस लॅकरचा पातळ हात द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, मगच डीकल लावावं. झाक आलीच, तर बारीक सुईने टोचून तिथे मायक्रो सोल या डीकलच्या द्रावणाचा थेंब सोडावा. पापुद्रा मऊ होऊन पॅनेलच्या रेषांत उतरतो. त्या वेळी तो सुरकुततो. तेव्हा बोट लावायचं नाही, तो आपोआप ताणला जातो.

केशरी, पांढरं, हिरवं हे आपल्या हवाई दलाचं वर्तुळ गडद रंगावर मळकट दिसतं, कारण शाई पातळ असते. त्याखाली पांढऱ्या डीकलची तेवढीच चकती आधी बसवली, की केशरी उठून दिसतो.

जुन्या किटचं डीकल पाण्यात टाकताच तुकडे तुकडे होतं. म्हणून नको असलेलं एखादं अक्षर आधी भिजवून पाहावं. ते फुटलं, तर उरलेल्या पानावर ग्लॉस लॅकर फवारावं आणि वाळल्यावर प्रत्येक चिन्ह कडेलगत कापून घ्यावं, कारण आता सगळं पान एकच पापुद्रा झालेलं असतं. पिवळं पडलेलं पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवावं. काही दिवसांच्या उन्हात पिवळेपणा बराच उतरतो.

आमच्या भागाच्या दोन अडचणी पुस्तकात सापडत नाहीत. बोअरचं पाणी क्षारयुक्त, ते वाळलं की चिन्हाभोवती पांढरी कड राहते. त्यासाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरावं. कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं. दुसरी, एप्रिल-मेचं कोरडं ऊन. चिन्ह सरकवून जागेवर आणेपर्यंतच खालचं पाणी उडतं. मग ओढाताण न करता ब्रशने पुन्हा पाणी सोडावं, किंवा हे काम पहाटेच करावं.

दिवाळीच्या सुट्टीत पहिलं किट हाती घेणाऱ्या मुलांना माझं एकच सांगणं: डीकलच्या दिवशी घाई करण्यापेक्षा आदल्या दिवशी ग्लॉसचा हात नीट द्या. निम्म्या दुरुस्त्या करायची वेळच येणार नाही.