नाक्यावरील रांग

कोल्हापुराहून पुण्यास जाण्याचा प्रसंग आम्हांस वारंवार येतो. 2018 सालीं एका विद्यार्थ्यास परीक्षेकरितां घेऊन निघालों असतां वाटेंतील एका पथकर-नाक्यावर आमची गाडी जी अडकली ती सुटेचना. दोष एकट्या नाकेवाल्यांचा नव्हता; आमची पाळी आली तेव्हां सुटे पैसे शोधण्यांत आम्हींही मागच्यांचा वेळ दवडलाच! मुलगा घड्याळाकडे पाहत होता, आमच्याकडे नव्हे. पोंचलों तों परीक्षागृहाचें दार लागलेलें.

पुढें 16 फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. ज्यापाशीं तो नसे त्यास दुप्पट कर पडे. गाडीच्या कांचेवरील ती चिठ्ठी यंत्र दुरूनच वाचतें आणि रक्कम खात्यांतून वळती होते. नाणीं मोजण्याचें कारणच उरत नाहीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानें असेंही ठरविलें कीं, रांग 100 मीटरांपलीकडे गेल्यास गाड्या विनाकर सोडाव्या. हा नियम आम्हांस फार आवडला होता. 2024 सालीं तो मागें घेण्यांत आला.

त्या मुलास यांतील कांहींच उपयोगी पडलें नाहीं. दुसऱ्या वर्षीं तो पुन्हां परीक्षेस बसला, तेव्हां आम्ही आदल्या दिवशींच निघालों. खिशांत नेमकीं नाणीं मोजून घेतलीं होतीं.